परत गेलेल्यांची मोजणी

तिला ऑफिसात सगळे मोजेबाई म्हणायचे. पायातल्या मोज्यांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. ती येताजाता काहीतरी मोजत असायची म्हणून ते नाव चिकटलं. लिफ्ट कितीदा अडकली, चहावाला किती वेळा साखर घालायला विसरला, साहेब एका मीटिंगमध्ये ‘तत्त्वतः’ किती वेळा म्हणाले, हे तिला विचारावं. एका वाढदिवसाला सगळ्यांनी वर्गणी काढून तिला लोकरीचे मोजे दिले. ती इतकी हसली की ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. आणि मग ते मोजे तिने खरोखरच झिजेपर्यंत वापरले, कारण त्या खोलीत गारठा भयंकर होता.

खोली एका जुन्या बुटांच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. कारखाना केव्हाच बंद पडला होता, पण हवा दमट झाली की भिंतींना अजून चामड्याचा वास सुटायचा. अलीकडे ऑफिसातल्यांची टेबलं, मध्ये पातळ भिंत आणि पलीकडे मशीन रूम. केबल घालायला भिंतीला पाडलेलं भोक कुणी नीट बुजवलं नव्हतं, आणि तिथून एसीचा झोत थेट मोजेबाईच्या पायांवर यायचा. आता तिथे फर्निचरचं दुकान आहे. त्या रस्त्याने जायची वेळ आली की मोजेबाई अजूनही मान वर करून कोपऱ्यातली खिडकी शोधते. खिडकीत एक आरशाचं कपाट उभं असतं आणि आरशात समोरच्या इमारतीचं छप्पर दिसतं. ती क्षणभर थांबते, पिशवी या हातातून त्या हातात घेते आणि पुढे जाते.

काम होतं कंप्युटरच्या पोटातलं. कुठलंही मशीन सुरू झालं की सगळ्यात खाली एक प्रोग्राम चालत असतो, त्याला कर्नल म्हणतात. कुणाला किती मेमरी द्यायची, कुणी वाट बघायची, कुणाला हुसकून लावायचं, हे सगळं तो ठरवतो. ही कंपनी स्वतःचा कर्नल बाळगून होती आणि बारा महिने न थांबता चालणारी मोठी मशीनं ज्यांच्याकडे आहेत अशा गिऱ्हाइकांना तो पुरवायची. त्यातला मेमरी वाटपाचा भाग एका माणसाच्या ताब्यात होता. त्याचं नाव कुलूपकाका.

तोंडावर अर्थात नुसतं काका. उंच, वाकलेला माणूस. स्वेटरचं एक तरी बटण चुकीच्या काजात, आणि खणात पेपरमिंटच्या गोळ्यांचा डबा. आपल्या भागात कुणी प्रोग्रामची एक ओळ घालायला आलं की काका ती ओळ वाचायचे, एक गोळी तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, “नको.” का नको, हे विचारायची पद्धत नव्हती. विचारलंच तर दुसरी गोळी टाकून म्हणायचे, “गरज नाही.” त्यांच्या भागात काही शिरू शकत नाही म्हणून ते कुलूपकाका. पण खोटं कशाला बोला, त्यांचा भाग कधी कोसळायचाही नाही. बाकीच्यांचे फोन सुट्टीच्या दिवशी वाजायचे, काकांचा फोन धूळ खात पडलेला असायचा.

मोजेबाईला मोजायची खोड लागली ती बाबांमुळे. तिचे बाबा सिनेमाच्या थिएटरात तिकीटखिडकीवर बसायचे. घरी आले की हातपाय धुऊन ताटावर बसायचे, आणि आई विचारायची, “काय म्हणतोय आजचा खेळ?” थिएटरचे मालक विकलेली तिकिटं मोजायचे. बाबा मात्र घरी भलतंच सांगायचे. “आज एक मोठं कुटुंब परत गेलं. आजीआजोबा, लेकरं, सगळी नटूनथटून आली होती. खुर्च्या होत्या गं रिकाम्या, पण एक इथे, दोन तिथे. सलग नव्हत्या. आजोबा म्हणाले, वेगवेगळं बसून काय बघायचं? गेले बिचारे.” आई म्हणायची, “मालकांना सांगायचं.” बाबा म्हणायचे, “मालकांना खुर्च्या दिसतात. परत गेलेली माणसं खिडकीतूनच दिसतात.” लहानगी मोजेबाई भात कालवत ऐकायची आणि त्या आजोबांसाठी तिला फार वाईट वाटायचं.

बाबा गेले तेव्हा ती कॉलेजात होती. थिएटर त्यानंतर वर्षभरात पडलं. पुढे नोकरी लागली, लग्न झालं. नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं काम चाले. मेणाचा आणि प्लास्टरचा वास, खिडकीत वाळत ठेवलेल्या जबड्यांची ओळ. नवे पाहुणे दचकायचे. मोजेबाईला त्या जबड्यांची इतकी सवय झाली होती की सकाळी खिडकी उघडताना ती त्यांना “सरका रे” म्हणायची.

तर अशी सगळी घडी बसलेली असताना वेधशाळेतल्या ताईंचा फोन आला.

वेधशाळा हे कंपनीचं जुनं गिऱ्हाईक. हवामानाचा अंदाज काढायचं मोठं गणित त्यांच्या मशीनवर रोज चालायचं आणि सकाळच्या बातम्यांच्या आत ते संपावं लागायचं. ताई तिथे अंदाज काढायच्या. बोलायला फटकळ, मनाने साफ.

“मशीन सुरू केलं की पहिले काही आठवडे पळतं हो,” ताई म्हणाल्या. “मग हळूहळू मंदावतं. बंद करून चालू केलं की पुन्हा पळतं. आम्ही आधीच लोकांच्या शिव्या खातो, छत्री न्या म्हटलं की ऊन पडतं म्हणून. आता निदान चुकीचा अंदाज तरी वेळेवर देऊ द्या!”

ऑफिसातल्यांनी नेहमीचा सल्ला दिला: दर महिन्याला मशीन बंद करा, चालू करा. साहेबांना तो तत्त्वतः पटला. मोजेबाईला काही पटेना. कपडे वाळत नाहीत म्हणून रोज नवे घ्या, असं सांगण्यासारखंच ते. तिने वेधशाळेच्या मशीनचे आकडे मागवले. मेमरी भरली नव्हती. चांगली निम्मी रिकामी होती. तरी गणित रांगत होतं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. कर्नल मेमरी वाटतो ती तुकड्यातुकड्यांनी, आणि त्या तुकड्याला पेज म्हणतात. नेहमीचं पेज अगदी छोटं असतं. हवामानासारखं अवाढव्य गणित असलं की अशी लाखो पेजं लागतात आणि कुठलं पेज कुठे आहे हे शोधण्यातच मशीनचा दम जातो. म्हणून मोठं पेज असतं: पाचशेबारा छोटी पेजं सलग जोडून केलेलं एकच पेज. शोधाशोध कमी, कामाला वेग. पण सलग जागा मिळाली तर. नाही मिळाली, तर कर्नल गुपचूप छोटी पेजं देऊन वेळ मारून नेतो. प्रोग्रामला कळत नाही, माणसाला कळत नाही, कुठे चूक म्हणून दिसत नाही. नुसता वेग कमी होतो.

मोठी पेजं द्यायची ती युक्ती त्या कर्नलमध्ये कुलूपकाकांनी घातली होती. ऐन उमेदीतली अनेक वर्षं त्यांनी त्यात घातली होती. किती मोठी पेजं दिली याचा आकडा कर्नल ठेवायचा. किती वेळा देता आली नाहीत, तो आकडा नव्हता.

मोजेबाईने तो आकडा धरायचं ठरवलं. मोठं पेज किती वेळा मागितलं, किती वेळा मिळालं, किती वेळा छोट्यांवर भागवलं, म्हणजे किती मागण्या परत गेल्या. तीन काउंटर, म्हणजे वाढत जाणारे तीन आकडे, आणि त्यांच्यासाठी मोजक्या ओळी. त्या घेऊन ती काकांच्या टेबलाशी गेली.

काकांनी वाचलं. गोळी तोंडात टाकली. “नको.”

“का नको काका?”

आजूबाजूच्या दोन खुर्च्या करकरायच्या थांबल्या. काकांनी चष्म्यावरून बघितलं. “प्रत्येक मोजणीला वेळ लागतो. या मशीनमध्ये ढीगभर प्रोसेसर आहेत. सगळे एकाच आकड्यावर तुटून पडले की भांडत बसतील. तुझ्या मोजणीनेच मशीन मंदावेल.”

हे खरं होतं. मोजेबाई परत आली, विचार केला आणि दर प्रोसेसरला त्याचा त्याचा आकडा दिला; बघायची वेळ आली की सगळ्यांची बेरीज करायची. पुन्हा गेली.

“आता भांडणार नाहीत,” ती म्हणाली.

काकांनी वाचलं. बराच वेळ वाचलं. “चांगलं केलंयस,” ते म्हणाले, आणि तिचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच, “पण नको. गरज नाही. मोठी पेजं मिळतायत. मी बघितलंय.”

“कधी बघितलंत?”

हा प्रश्न विचारायला नको होता, हे तिला त्याच क्षणी कळलं. काकांनी खण बंद केला आणि स्क्रीनकडे तोंड वळवलं.

घरी आल्यावर तिने नवऱ्यापाशी तोंड सोडलं. “अहो, आकडा नाही म्हणजे अडचण नाही, असं कुठे असतं का? यांना बघायचंच नाहीये.”

नवरा दिव्याखाली कवळीतला एक दात घासत होता. “माझ्याकडे ज्याची कवळी नीट बसते तो सांगायला येत नाही,” तो म्हणाला. “येतो तो हिरडी दाखवत येतो. रोज हिरड्याच बघायच्या म्हटलं तर कामावरून मन उडेल बघ.”

“म्हणजे काका बरोबर?”

“तसं कुठे म्हणालो? मोज की. पण त्यांनी आयुष्य घातलंय त्यात. जरा हलक्या हाताने मोज.”

हलक्या हाताने करण्याइतका धीर तिच्यात तेव्हा नव्हता. वेधशाळेतल्या ताईंचे फोन वाढत होते. ती सरळ साहेबांकडे गेली. साहेबांनी, फक्त वेधशाळेच्या मशीनवर, फक्त तपासणीसाठी, अशी परवानगी दिली. काकांना साहेबांनीच सांगितलं. काका म्हणाले, “ठीक.” त्या दिवशी डब्यातली गोळीसुद्धा त्यांनी घेतली नाही.

काउंटर चालू झाले. काही आठवड्यांनी मोठी मीटिंग भरली. वेधशाळेतल्या ताई स्वतः आल्या होत्या. मोजेबाईने पडद्यावर आकडे टाकले. मशीन नवं सुरू झालं तेव्हा परत गेलेली मागणी जवळजवळ शून्य. मग रेघ चढत गेली, चढत गेली, आणि शेवटी तर मिळालेल्यांपेक्षा परत गेलेल्यांचाच आकडा मोठा.

“म्हणजे मोठी पेजं नावालाच आहेत की!” ताई म्हणाल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं, त्या अशाच बोलायच्या. पण कुणीतरी हसलं. साहेबांनी काकांकडे बघितलं, मग सगळ्यांनीच बघितलं. काका टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होते. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. फक्त कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. मोजेबाईला वाटलं होतं की या क्षणी आपल्याला फार बरं वाटेल. वाटलं नाही. पडदा बंद करताना तिला रिमोट सापडेना.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. ऑफिसात कुजबूज सुरू झाली की काका राजीनामा देणार. मग एका सकाळी ती नेहमीसारखी लवकर आली तर काका तिच्याच खुर्चीत बसलेले, पायांवर एसीचा झोत घेत.

“इथे माणूस बसतो कसा?” ते म्हणाले.

“मोजे घालून,” ती म्हणाली.

काका हसले नाहीत, पण उठून त्यांनी खुर्ची तिच्यापुढे सरकवली. “तुझे आकडे उघड. मागितलेली किती?”

तिने सांगितलं.

“मिळालेली?”

तिने सांगितलं.

“परत गेलेली? आता बेरीज कर.”

तिने मिळालेल्यांत परत गेलेले मिळवले. बेरीज मागितलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त भरली. दहा माणसं खिडकीशी आली आणि पंधरा जणांचा हिशोब लागला, असा तो प्रकार होता. ती चूक तिला आजवर दिसली नव्हती, कारण तिने प्रत्येक आकडा वेगवेगळा बघितला होता. सगळं जग मोजणाऱ्या बाईने स्वतःच्या आकड्यांची बेरीज मात्र केली नव्हती.

“सलग जागा नाही मिळाली की कर्नल लगेच हार मानत नाही,” काका शांतपणे म्हणाले. “थोडी आवराआवर करतो आणि पुन्हा एकदा बघतो. तू पहिल्या वेळेलाही ‘परत गेला’ म्हणून मोजलंस आणि दुसऱ्याही वेळेला. काही जणांना तर दुसऱ्या वेळी जागा मिळाली, तरी तुझ्या आकड्यात ते परत गेलेले.”

मोजेबाईचे कान आता लाल झाले. “तुम्हाला कधी कळलं?”

“मीटिंगमध्येच संशय आला होता. घरी बसून खात्री केली.”

“मग तिथेच का नाही बोललात?”

काकांनी स्वेटरचं बटण चाचपलं. “ताईंसमोर? तुझं हसं झालं असतं. आणि…” ते थांबले. “आणि चूक काढून टाकली तरी एक तृतीयांश मागण्या परत जातातच. हेही मी घरी बघितलं. ते मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, सगळ्यांना मिळतंय.”

भिंतीपलीकडे मशीनचे पंखे घोंघावत होते. चिडलेला माणूस तिला कळला असता. हा थकलेला माणूस तिला नवा होता.

त्याच दिवशी तिने साहेबांना आणि ताईंना स्वतःहून सांगितलं की आकडा फुगलेला होता. साहेब थोडे घुश्शात आले. ताई म्हणाल्या, “म्हणजे तुमचाही अंदाज चुकतो तर! छान. आता आपली खरी मैत्री.”

पुढचे काही महिने मोजेबाईच्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर, असं ती अजून म्हणते. नवरा म्हणतो, “लग्नानंतरचे पहिले महिने सोडून ना?” ती म्हणते, “ते मोजले नव्हते.” काकांनी आपली खुर्ची तिच्या टेबलाशी आणली. भिंतीचं भोक त्यांनी स्वतः एका जुन्या टॉवेलने बुजवलं. आता नुसतं ‘परत गेले’ पुरेना. का परत गेले, ते हवं होतं. दोघांनी मिळून प्रत्येक कारणाला वेगळा काउंटर दिला. मेमरीच नव्हती म्हणून, की होती पण सलग नव्हती म्हणून, की आवराआवर करायला गेलं आणि मधलं एखादं पेज हलेचना म्हणून.

ती भराभर लिहायची, काका सावकाश वाचायचे. ती म्हणायची, “हे घालू या?” काका म्हणायचे, “नको.” मग स्वतःच म्हणायचे, “का नको, सांगतो.” आणि सांगायचे. कुठल्या साली कुठल्या मशीनने त्यांना कसं रडवलं, कुठली ओळ कुठल्या भीतीने लिहिली, कोणता भाग बायको माहेरी असताना उपाशीपोटी लिहिला. ज्याला सगळे आडमुठेपणा म्हणायचे ती निम्मी तर काळजी होती, हे तिला कळत गेलं. उरलेला निम्मा मात्र आडमुठेपणाच होता, तेही कळलं.

कारण सापडलं ते साधंच होतं. नेटवर्कसाठी आणि डिस्कसाठी कर्नल स्वतः काही बारीक तुकडे घ्यायचा. ते तुकडे एकदा बसले की हलायचे नाहीत. महिना लोटता लोटता ते साऱ्या मेमरीभर विखुरले जायचे आणि सलग पट्टा असा कुठे उरायचाच नाही. एका दुपारी आकड्यांकडे बघता बघता काका एकदम उभे राहिले. “हे हलत नाहीत ना? मग यांना पहिल्यापासून एका कडेला बसवायचं. मधे येऊच द्यायचं नाही.” आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी स्वतःच्या भागाची तोडफोड केली. मोजेबाईने विचारलं, “घालायचं का हे?” काकांनी डबा तिच्यापुढे धरला. त्या डब्यातली गोळी तिला मिळाली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

वेधशाळेच्या ताईंचा फोन त्यानंतर बरेच दिवस आला नाही. मोजेबाईच अस्वस्थ झाली. शेवटी तिनेच फोन लावला.

“अहो, सगळं ठीक चाललंय, मग कशाला करू फोन?” ताई म्हणाल्या. “अख्खा मोसम गेला, मशीन बंद करावं लागलं नाही. अंदाज मात्र कालही चुकला. तो तुमच्या काउंटरात बसत असेल तर बघा!”

काकांना तिने हे सांगितलं तेव्हा ते नुसते “हं” म्हणाले. पण त्या दिवशी स्वेटरची सगळी बटणं बरोबर काजात होती, हे तिने टिपलं.

पुढे जे सगळीकडे होतं तेच झालं. कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने घेतली. काका निवृत्त झाले आणि त्यांचा भाग मोजेबाईकडे आला. बुटांच्या कारखान्यातली ती खोली सुटली, काचेच्या चकचकीत इमारतीत सगळ्यांना सारख्या खुर्च्या मिळाल्या. तिथे गारठा नव्हता आणि एकमेकांच्या टेबलाशी खुर्ची ओढून नेण्याची सोयही नव्हती, कारण टेबलं रोज बदलायची. हळूहळू तो जुना कर्नल कुणाला नकोसा झाला. नवी गिऱ्हाइकं नवं मागत होती. जुनी एकेक करून गळाली. शेवटी तो एकाच मशीनवर उरला, वेधशाळेच्या. मोजेबाई तेवढ्यासाठी अधूनमधून जायची. केस पांढरे झाले होते. झपाझप चालणारी ती बाई आता जिन्यात कठडा धरायला लागली होती.

आणि मग एके दिवशी ताईंचा फोन आला. “नवं मशीन आलंय. जुनं उद्या बंद करतोय. तुम्ही या. आणि काकांना घेऊन या.”

काकांना घेऊन जाणं सोपं नव्हतं. त्यांचे गुडघे गेले होते आणि कान मंदावले होते. काकूंनी दारातच बजावलं, “जेवायच्या वेळेला परत आणा हो. गोळ्या आहेत त्यांच्या. पेपरमिंटच्या नव्हेत, खऱ्या.” काका म्हणाले, “मी काय लहान आहे का?” आणि उलटी चप्पल घालून निघाले. मोजेबाईने जिन्यातच ती सरळ करून दिली.

वेधशाळेच्या मशीन रूममध्ये नवं मशीन एका कोपऱ्यात बिनआवाजाचं उभं होतं आणि जुनं नेहमीसारखं घोंघावत होतं. ताईंनी स्क्रीन लावून ठेवला होता. मोजेबाईने शेवटचे म्हणून काउंटर उघडले. आकडे एवढे लांब झाले होते की एका ओळीत मावेनात. मागितलेली, मिळालेली, परत गेलेली. परत गेलेल्यांचा आकडा बाकीच्यांच्या शेजारी अगदी बारीक दिसत होता. ती बघत होती तेवढ्यातच शेवटचा अंक दोनदा बदलला. अजून कुणीतरी मागत होतं, कर्नल अजून देत होता. तिने ते आकडे कुठे उतरवून घेतले नाहीत. ताईंनी फोटो काढायला फोन वर केला, आणि का कोण जाणे, तसाच खाली ठेवला.

“काका, तुम्ही करा बंद,” ताई म्हणाल्या.

“नको,” काका म्हणाले. मग मोजेबाईकडे वळले. “तू कर. तुझ्याकडे आहे ना भाग.”

तिने आज्ञा टाइप केली. मशीनने शिस्तीत एकेक काम आवरतं घेतलं, स्क्रीन काळा झाला आणि मग पंख्यांचा आवाज उतरत उतरत गेला. खोली इतकी शांत झाली की तिघांनाही चोरट्यासारखं वाटलं.

“झालं का?” काका मोठ्याने म्हणाले. त्यांना अजून पंखे चालू आहेत असंच वाटत होतं.

“झालं काका,” ती त्यांच्या कानाशी म्हणाली.

नंतर वेधशाळेच्या अंगणात, पाऊस मोजायच्या भांड्याजवळच्या बाकावर बसून त्यांनी चहा घेतला. ताई आत कामाला गेल्या. ऊन सौम्य होतं. काका बशीतला चहा हलवत बसले.

“त्या मीटिंगनंतर मला तुझा फार राग आला होता,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

“काही माहीत नाही तुला. घरी जाऊन मी काकूंना म्हटलं, ही पोरगी मला खोटं पाडायला निघालीय. तुझी चूक सापडली ना, तेव्हा मी अक्षरशः उड्या मारल्या. म्हटलं, सापडली! उद्या सगळ्यांसमोर दाखवतो.”

मोजेबाईने कप बाकावर ठेवला. हे तिला खरंच माहीत नव्हतं. “मग का नाही दाखवलंत?”

“काकू म्हणाल्या, तिची चूक काढल्यावर तुमचं बरोबर येतं का ते आधी बघा. बघितलं. येत नव्हतं.” काकांनी चहाचा घोट घेतला. “मग काय दाखवणार, कपाळ?”

ती हसायला लागली. काकाही हसले, खांदे गदागदा हलवून. तिने त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं. इतकी वर्षं ज्या मोठेपणाची ती मनातल्या मनात पूजा करत आली होती, त्याचा अर्धा वाटा काकूंचा निघाला. पण का कोण जाणे, त्याने काका तिला लहान वाटले नाहीत. उलट आणखी आपले वाटले.

परतीच्या बसमध्ये काकांना खिडकीची जागा मिळाली. दोन थांबे जात नाहीत तोच त्यांचा डोळा लागला. मान तिच्या खांद्यावर कलंडली. स्वेटरला तोच जुना पेपरमिंटचा वास होता. बाहेर दुकानं, शाळा सुटलेली मुलं, दोरीवरचे कपडे सरकत होते. त्यांचा थांबा आला. मोजेबाईने हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. बस सुटली. ती तशीच बसून राहिली, खांदा अवघडला तरी न हलता, थेट शेवटच्या थांब्यापर्यंत.

तिथे ड्रायव्हर म्हणाला, “बाई, उतरायचं नाही का?”

“याच बसने परत जाऊ,” ती म्हणाली. “किती वेळात निघते?”

“चहा पितो आणि निघतो.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. काकू होत्या. “अहो, आहात कुठे तुम्ही दोघं? ताट वाढून ठेवलंय!”

मोजेबाई फोनपाशी हाताचा आडोसा करून हळूच म्हणाली, “झोपलेत काकू. आणते. जरा उशीर होईल.”